एका वेळी एकच बदल

३ फेब्रुवारी, सोमवार

ढोल्याचा फोन आला. आमच्या कॉलेजातल्या बँडचा ड्रमर. बावीस वर्षांत दोनदा भेटलो असू, पण बोलायला लागला ते कालचं भांडण अर्धवट राहिल्यासारखा. "म्हाताऱ्या, आठ मार्चला वाजवायचंय. हॉल ठरलाय. नाही म्हणालास तर तुझ्या दारात येऊन तुझीच भांडी बडवीन." हो म्हणालो.

मग तासभर स्वतःला विचारत बसलो, हो का म्हणालो. मुलगी झाली तेव्हा मी गिटारचा आवाज वाढवणारा माझा मोठा ॲम्प विकला आणि सगळ्यांना सांगितलं, घरात जागा नाही. जागा होती. आपण बेताचंच वाजवतो हे मला कळून चुकलं होतं आणि मुलीचं निमित्त मिळालं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे तरी खरं लिहावं.

गिटार आहे. ॲम्प हवा. लहान, कारण फ्लॅटच्या भिंती पातळ. पण आवाज हेवी मेटलचाच हवा: तळहाताच्या कडेने तारा दाबून वाजवलं की छातीत ठोका बसावा, हात उचलला की भिंत कोसळावी. आणि हे सगळं शेजारच्यांचा टीव्ही न बुडवता.

मुलगी (वय पंधरा) म्हणाली, "बाबा, तुझ्या वयाची माणसं कुंडीत टोमॅटो लावतात."

८ फेब्रुवारी, शनिवार

दुकानदाराने दोन ॲम्प आठवड्याच्या बोलीवर दिलेत. ऑफिसातल्या सवयीने वागतोय. मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करतो; दुकानांचे, दवाखान्यांचे तराजू तपासतो. प्रत्येक मोजमाप तीनदा, आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

पहिला: डिजिटल, डब्याएवढा, शंभर आवाज. सगळे बरोबर. कुठलाही खरा वाटत नाही.

दुसरा: पाच वॅटचा, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. मोठ्याने लावला तर सुंदर. हळू केला की बाटलीत अडकलेली माशी.

"मिक्सरमध्ये काय टाकलंस?" मुलीने दारातून विचारलं. मग येऊन माझी गिटार मागितली. गेले वर्षभर ती शाळेतल्या गिटारवर शिकतेय. मी दोन मात्रांचा एक तुकडा दाखवला. तिने तो लगेच उचलला, आणि मध्येच थांबली. "आता तू उत्तर दे." मी दिलं. ढुग-ढुग-ढँ तिचं, ढँ-ढुग-ढँ माझं. गिटार एकमेकांच्या हातात देत अर्धा तास तेच. आठ मार्चला हा तुकडा आम्ही दोघांनी मिळून वाजवायचा असं ठरवून टाकलं. ढोल्याला विचारायचंय, पण तो नाही म्हणणार नाही.

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "मला कुणी टाळ्या वाजवायला ठेवलंय का?"

झोपायला जाण्याआधी मुलीने तारा छेडायचं एक पिक आणून दिलं. माझ्या जुन्या ऑफिसच्या ओळखपत्रातून कात्रीने कापलेलं. माझा डावा डोळा बरोबर मधोमध आलाय. "आता तरी नीट बघून वाजव."

१२ फेब्रुवारी, बुधवार

जाहिरात तीन शब्दांची होती: लहान ॲम्प, मेटलसाठी. पत्ता दोन बसथांब्यांवरचा. खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान, वर एकच घर. दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. ॲम्प त्यांच्या मुलाचा. "तो बाहेर असतो सध्या," म्हणाल्या. किती दिवस, ते मी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

मुलाची खोली लखलखीत. लाकडी खुर्ची, खिडकी, कोपऱ्यात ॲम्प. काळा, माझ्या टिफिनच्या पिशवीएवढा. पाच बटणं, आणि प्रत्येकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. मुलाने आपल्या आवाजाची जागा खुणावून ठेवलेली. गेनची, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या बटणाची, खूण मला वाटलं त्यापेक्षा बरीच खाली होती. आम्ही सगळे हौशी लोक गेन वाढवतो आणि आवाजाचा चिखल करतो. हा मुलगा शहाणा.

उचलून पाहिला तर ॲम्प गरम. बाईंनी मला दाखवायचा म्हणून आधीच चालू करून ठेवला असेल.

किमतीचं म्हणाल्या, "आधी वाजवून तर बघा. मग बोलू." घरी घेऊन आलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खुणेवर बटणं लावली. काहीच नाही. म्हणजे आवाज येतो, पण गोधडीखालून. तीनदा पाहिलं. मुलगी म्हणाली, "याला सर्दी झालीय."

बाईंना फोन केला. त्या हसल्या. "तो त्या खोलीतच वाजतो हो. इकडे घेऊन या, साडेपाचला. माझा मुलगा साडेपाचलाच वाजवायचा."

हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण नाहीये. आमच्याकडे बारीक तराजू नव्या खोलीत नेला की चोवीस तास त्याला तिथे बसू द्यावं लागतं. तोवर तो खोटं बोलतो. यंत्रालाही खोलीची सवय होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

त्या खोलीत वाजवला.

काय लिहू. हळू आवाज, शेजारी झोपलेलं बाळ उठणार नाही इतका, आणि छातीत ठोका. मी बेताचा वाजवणारा नव्हतो. निदान तो तासभर नव्हतो.

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान. पण गिटार तुमची जरा वेगळी पडते. त्याची आहे पलंगाखाली."

आता प्रश्न असा: हा आवाज खोलीचा, ॲम्पचा, की आणखी कशाचा? नीट शोधायचं तर आधी मूळ स्थिती जशीच्या तशी उभी करायला हवी. मुलगा वाजवायचा तशी. मग एकेक गोष्ट परत माझी आणायची आणि आवाज कुठे बिघडतो ते टिपायचं. बिघडला की कारण सापडलं. आठ तारखेला तीन आठवडे आहेत. पुरे.

दुकानाचे दोन्ही ॲम्प परत केले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बदल १: त्याची गिटार. सुधारणा स्पष्ट.
बदल २: खुर्ची कोपऱ्याकडे, पाठ दाराला. सुधारणा थोडी, पण तीनही वेळा.

बाईंनी दूध दिलं, बिनसाखरेचं. मला दुधाचा वास सहन होत नाही. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून प्यायलो.

मोबाइल ॲम्पजवळ असला की स्पीकरमधून घरघर येते. खरीच येते, कुणीही करून पाहावं. बाई म्हणाल्या, "द्या इकडे," आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवला. बदल ३ धरतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज मुलीसोबत सराव ठरला होता. साडेपाचला. माझ्या लक्षात होतं. मी विसरलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. एकदा जाऊन पटकन येऊ असं वाटलं. आलो तेव्हा ती झोपली होती, गिटार पांघरुणावर.

माझ्या शर्टाची बटणं गिटारच्या पाठीवर घासतात. बाईंनी कपाटातून मुलाचे टी-शर्ट काढले. चार काळे शर्ट, चारही वेगवेगळ्या मापाचे. एक माझ्याहून बराच मोठा, एक अगदी अरुंद. वयाप्रमाणे माणूस सुटतो, आटतो. तिसरा बरोबर बसला. बदल ४.

जाताना खाली किल्लीवाला दुकान आवरत होता. म्हणाला, "वरचं पुन्हा सुरू झालं म्हणायचं. या खेपेला उजव्या हाताने वाजवतोय ना? मागचा डावखुरा होता."

मी म्हटलं, "कोण मागचा?"

"मुलगा हो, त्यांचा."

थट्टेखोर माणूस दिसतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माणसांच्या पाठी बघते. चहा घेताना मला उभं केलं, शर्ट काढायला लावला, मागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि मग बोटांनी मणका वरपासून खालपर्यंत चाचपला.

"काय झालं?"

"डावा खांदा उतरलाय. मान पुढे आलीय."

"वाजवताना वाकतो मी."

"दहा दिवसांत असं होत नाही, रे. ही वीस वर्षांची पाठ आहे." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "मी ज्याच्याशी लग्न केलं त्याची पाठ अशी नव्हती. कुठली उचलून आणलीस?"

मी हसलो. तिचे हात मात्र गार होते. मग तिने विचारलं, "अंगठी कुठाय?"

गिटारच्या मानेवर अंगठी खटखटते, म्हणून त्या घरी खिडकीत काढून ठेवली होती, पिकच्या शेजारी. आणायची राहिली. बदल ५ म्हणून परवाच टिपायला हवं होतं. नोंद राहिली, ही माझी चूक. अशी चूक ऑफिसात कधी झालेली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वाजवत असताना "काकू" अशी हाक मारली तर बाईंना ऐकू जात नाही. दोनदा, तीनदा ओरडावं लागतं आणि लय तुटते. आज सहज, गमतीने, "आई" म्हटलं. लगेच आल्या. दूध घेऊनच.

हाकेचा आवाजाशी काय संबंध? काहीच नसावा. पण करून पाहिल्याशिवाय नाही म्हणणं बरोबर नाही. पूर्ण संध्याकाळ तशीच हाक मारली. त्यांनीही मला अहो-जाहो करणं सोडलं. "अरे, पाठ सरळ ठेवू नकोस, तुला नाही जमत ती," म्हणाल्या.

सुधारणा स्पष्ट. तीनही वेळा. मला याचं कारण देता येत नाही, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही. बदल ६.

किल्लीही दिली मला. खाली विचारलं तर किल्लीवाला म्हणाला, "याच दाराची केलेली ही पाचवी. लोक हरवतात."

१ मार्च, शनिवार

आज ठरवून घरी थांबलो. स्वच्छ विचार करायला हवा.

मुलीने शाळेतून आणलेली गिटार काढली, मी माझी घेतली. तिचा अर्धा तुकडा वाजवला, थांबली, माझ्याकडे बघितलं. मला पुढचं आठवेना. बोटं तारांवर होती, पण ती दुसऱ्याच कशाच्या तरी जागेवर. तिने पुन्हा वाजवलं. थांबली. चौथ्यांदा म्हणाली, "बाबा, मस्करी करू नकोस ना."

मी म्हटलं, दमलोय. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "तुझी नखं अशी कधी होती?"

साडेपाच वाजले तेव्हा माझा उजवा पाय आपोआप ठेका धरू लागला.

हे आता थांबवायला हवं. परतीचा क्रम लिहून ठेवतो, म्हणजे चूक व्हायला नको: आधी हाक, मग अंगठी, शर्ट, फोन, खुर्ची, गिटार, शेवटी खोली. रोज एक, उलट्या वाटेने. पिक मी माझंच वापरतोय, तेवढं एक बदललेलं नाही. सात दिवस, सात गोष्टी. आठ तारखेला बरोबर घरी.

२ मार्च, रविवार

"काकू" म्हटलं. आल्या नाहीत. पुन्हा म्हटलं. आवाज गोधडीखाली गेला, त्या पहिल्या दिवसासारखा. मी बेताचा वाजवणारा झालो.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. डोळे पुसत होत्या. "तुला नको असेल तर जा हो. सगळे जातातच. पण मध्येच नको जाऊस. तुकडा पुरा तरी कर."

मला त्या बाईंचं वाईट वाटलं. एवढंच लिहून थांबलो असतो, पण खरं लिहायचं तर मला त्या आवाजाचं जास्त वाईट वाटलं. "आई," म्हटलं.

परतीचा क्रम उद्यापासून.

५ मार्च

ढोल्याचा फोन येऊन गेला म्हणे. फोन कपाटात होता. आई म्हणाली, "कुणीतरी म्हातारा-म्हातारा म्हणत होता. रॉंग नंबर सांगितलं."

ऑफिसात रजा टाकली. घरी सांगायचं आहे.

पातळ पिकामुळे वरचा सूर किरकिरा येतो. त्याचं काळं, जाड पिक खुर्चीच्या फटीत सापडलं. बदल ७. मोठा फरक. याच्याआधी मी जे वाजवत होतो ते वाजवणंच नव्हतं.

७ मार्च

बायको खाली येऊन गेली, असं किल्लीवाल्याने सांगितलं. वर आली नाही. खिडकीखाली उभी राहून ऐकत होती. मग त्याला म्हणाली, "हे वाजवणं त्याचं नाही." आणि गेली.

बरोबर ओळखलं. कान चांगला आहे बाईचा.

(आठ तारीख असावी. इथे कॅलेंडर नाही.)

आज कुठेतरी जायचं होतं असं दिवसभर वाटत राहिलं. आईला विचारलं. म्हणाली, "तुला कुठे जायचंय? साडेपाच वाजलेत."

वाजवलं. इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं.

संध्याकाळ

खिडकीत एक वही सापडली. थोडी चाळली. अक्षर माझं नाही, पण कुणीतरी नेटका माणूस असावा. सगळं तीनतीनदा केलेलं. त्याची मुलगी कुंडीतल्या टोमॅटोंवरून त्याला काहीतरी टोचून बोलते. हसू आलं. पुढची पानं कोरी आहेत, म्हणून आवाजाच्या नोंदींसाठी तीच घेतली.

संध्याकाळ

पाचही बटणं खुणेवर. ॲम्प गरम. सुरुवात करणार तोच दाराची घंटा वाजली. आईने उघडलं. पोरीचा आवाज होता.

"माझे बाबा इथे येतात का? गिटार वाजवतात ते."

"इथे कुणाचे बाबा येत नाहीत गं. माझा मुलगा आहे, सराव चाललाय त्याचा."

"मला एकदा बघू द्या ना, आजी. फक्त एकदा."

"बघ की. त्यात काय."

खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चौदा-पंधरा वर्षांची, पाठीवर तिच्याहून उंच गिटारची पिशवी. मी वळून बसलो. तिने माझा शर्ट पाहिला, हात पाहिले, मग तोंडाकडे पाहत राहिली. इतका वेळ, की तिला अवघडायला नको म्हणून मीच मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "हे नाहीत."

मग तिला खिडकीतल्या वस्तू दिसल्या. एक अंगठी, आणि त्या शेजारी पत्त्यासारख्या जाडीचं एक पिक, मधोमध कुणाचा तरी डोळा छापलेलं.

"हे तुमच्याकडे कुठनं आलं?"

"इथेच होतं. मी वापरत नाही, पातळ आहे. हवं तर घेऊन जा."

तिने ते मुठीत घट्ट धरलं. अंगठीही घेतली. वहीकडे तिचं लक्ष गेलं नाही, आणि वही माझ्या कामाची असल्याने मी सांगितलं नाही.

जिना उतरताना ती मध्येच थांबली. पिशवी उघडल्याचा आवाज आला. मग नुसत्या तारांवर, ॲम्पशिवाय, तिने दोन मात्रांचा एक तुकडा वाजवला आणि थांबली. कुणीतरी पुढचं वाजवावं म्हणून थांबतात, तशी. पुन्हा तोच वाजवला. पुन्हा थांबली. असं चार वेळा.

माझे हात तारांवरच होते. पण तो तुकडा मला येत नाही.

ती गेल्यावर तीनदा वाजवून पाहिलं. ते पिक आणि अंगठी गेल्याने आवाजात काहीही फरक पडलेला नाही.